मिडल-अर्थमधली मैफल: लोट्रोमध्ये वादक पात्राचा पुरेपूर उपयोग कसा करावा

बहुतेक ऑनलाइन खेळांत ‘मनोरंजन करणारे पात्र’ म्हणजे चार ठरावीक नाच आणि दोन-तीन आयत्या धुना. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी ‘लोट्रो’, याला मोठा अपवाद आहे. एप्रिल 2007 मध्ये सुरू झालेल्या या खेळात पात्राच्या हातातले वाद्य खरोखर वाजते. सूर तुम्ही द्यायचे, लय तुम्ही ठरवायची, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांना ते त्याच क्षणी ऐकू येते. या सोयीवर इथे वाद्यवृंद उभे राहिले, आणि 2009 पासून लँड्रोव्हल सर्व्हरवर वेदरटॉप टेकडीवर ‘वेदरस्टॉक’ नावाचा वार्षिक संगीत महोत्सव भरू लागला.

नवे वादक साधारणपणे चुकीच्या जागी मेहनत घेतात. पोशाख, लेव्हल, दुर्मीळ वाद्य यांच्यामागे आठवडे जातात आणि वाजवायची फाइल, म्हणजे गाण्याचे सूर लिहिलेला मजकूर, मात्र कुठून तरी उतरवून घेतलेली असते. इथली मैफल जमते किंवा फसते ती त्या फाइलमध्ये. म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यावरच आहे.

एक सूचना आधीच: खाली सगळ्या कमांड आणि सुरांची अक्षरे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, आणि कमांडच्या सुरुवातीला तिरकी रेघ (/) द्यायची.

पात्र आणि वाद्य

वादनासाठी पात्राचा सर्वांत सोयीचा वर्ग मिन्स्ट्रेल, म्हणजे गाणारा-वाजवणारा. त्याला जवळजवळ सगळी वाद्ये हाताळता येतात आणि इतर खेळाडूंना ती शिकवताही येतात. दुसरा वर्ग आवडत असेल तर तोच घ्या. एखादे वाद्य अनेक वर्गांना मुळातच येते आणि बाकीची ओळखीच्या मिन्स्ट्रेलकडून शिकून घेता येतात. एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या: मिन्स्ट्रेल लढाईत जी गाणी वापरतो ती वेगळी आणि हे वादन वेगळे. वादनाने कुणाची जखम भरत नाही, कुणाची ताकद वाढत नाही. ते निव्वळ ऐकणाऱ्यांसाठी असते.

वाद्ये खेळातल्या ‘बार्ड’ नावाच्या विक्रेत्यांकडे मिळतात आणि सुतारकाम करणारे खेळाडूही ती बनवतात. साधे, स्वस्त वाद्य सुरुवातीला पुरेसे आहे. महागडे ल्यूट घेतले म्हणून वादन आपोआप सुधारत नाही. फक्त एवढे लक्षात ठेवा, की काही वाद्यांचे प्रकार आवाजानेच वेगळे असतात. बेसिक ल्यूट आणि ल्यूट ऑफ एजेस यांचा नाद निराळा आहे. फिडलचे तर अर्धा डझन प्रकार आहेत आणि त्यातले स्टुडंट्स फिडल मुद्दाम नवशिक्यासारखे वाजते. ते घेऊन वृंदात बसू नका.

वाद्य धनुष्याच्या, म्हणजे दुरून वार करायच्या हत्याराच्या जागी चढवावे लागते. वाजवता वाजवता ते बदलले तर गाणे तिथेच तुटते. म्हणून कार्यक्रमात लागणारी सगळी वाद्ये आधीच क्विकबारवर, म्हणजे पडद्यावरच्या बटणांच्या पट्टीवर, ओळीने मांडून ठेवा.

वाद्य निवडताना दोन प्रश्न विचारायचे. पहिला, सूर टिकतो का? ल्यूट, हार्प आणि थिऑर्बो ही छेडायची वाद्ये. फाइलमध्ये सूर चार मात्रांचा लिहिला तरी तो सतारीच्या तारेसारखा आपला आपण विरतो. बासरी, क्लॅरिनेट, हॉर्न, बॅगपाइप, पिबगॉर्न आणि बहुतेक फिडल यांवर सूर लिहिलेल्या लांबीइतका उभा राहतो. संथ चालीचे भावगीत ल्यूटवर वाजवले की तुटक वाटते, त्याचे कारण हेच. चाल क्लॅरिनेटला द्या आणि ल्यूटला भरणा करू द्या.

दुसरा प्रश्न, वाद्य कोणत्या पट्टीत बोलते? फाइलमधला तोच ‘सा’ ल्यूट, हार्प आणि हॉर्नवर जिथे वाजतो, त्याच्या एक सप्तक खाली थिऑर्बोवर वाजतो, एक सप्तक वर क्लॅरिनेट आणि बॅगपाइपवर, तर दोन सप्तके वर बासरी आणि पिबगॉर्नवर. ल्यूटसाठी लिहिलेली चाल तशीच बासरीला दिली की ती चिरकते. अशा वेळी फाइलमधले सूर एक-दोन सप्तके खाली उतरवायचे.

फाइल कुठे ठेवायची

कीबोर्डवर थेट वाजवायचे असेल तर ‘/म्यूझिक’ कमांडने संगीत मोड सुरू करा. कोणत्या बटणावर कोणता सूर आहे ते खेळाच्या की-मॅपिंगमध्ये दिसते आणि तिथेच बदलता येते. हौस म्हणून हे छान आहे, पण इंटरनेटच्या विलंबामुळे दोघांनी थेट वाजवून ताल धरणे अवघड जाते. वृंद नेहमी फाइलवरच वाजवतात.

फाइल असते ‘एबीसी’ स्वरलिपीत, म्हणजे साध्या मजकुरात. डॉक्युमेंट्समधल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ या फोल्डरच्या आत ‘म्यूझिक’ नावाचा फोल्डर स्वतः तयार करायचा आणि फाइल त्यात टाकायची. इथे दोन अडचणी वारंवार येतात. विंडोजने डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हवर हलवलेला असतो आणि खेळ फाइल दुसरीकडेच शोधत असतो. खेळाच्या बाकीच्या फाइली, उदाहरणार्थ स्क्रीनशॉट, जिथे साठत आहेत तोच फोल्डर खरा माना. दुसरी अडचण नोटपॅडची: तो एबीसीच्या पुढे गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडतो आणि विंडोज ते शेपूट लपवते. एक्सप्लोररमध्ये फाइलचे पूर्ण नाव दाखवण्याचा पर्याय चालू करून खात्री करा. नाव छोटे, इंग्रजी लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्या, म्हणजे मैफलीत घाईने टाइप करताना चुकत नाही.

आता संगीत मोडमध्ये ‘/प्ले’ आणि पुढे फाइलचे नाव दिले की वादन सुरू होते. संगीत मोड बंद केला की थांबते.

सरगम ते एबीसी

संवादिनीच्या वहीत सरगम लिहिणाऱ्याला ही लिपी एका संध्याकाळी येते. वाद्यांचा पल्ला तीन सप्तके आणि वरचा एक सूर, म्हणजे 37 पट्ट्यांचा आहे. आपल्या मंद्र, मध्य आणि तार यांच्याशी तो नेमका जुळतो. इंग्रजी ‘सी’ला सा माना. मग रे म्हणजे डी, ग म्हणजे ई, म म्हणजे एफ, प म्हणजे जी, ध म्हणजे ए आणि नि म्हणजे बी. मध्य सप्तक कॅपिटल अक्षरांत, तार सप्तक लहान अक्षरांत. मंद्राला कॅपिटल अक्षरापुढे स्वल्पविराम द्यायचा. छापील स्वरलिपीत अक्षराखाली टिंब असते, त्या जागी हा स्वल्पविराम. सर्वांत वरचा अतितार सा म्हणजे लहान ‘सी’ आणि त्यापुढे वर लोंबणारे एकेरी चिन्ह. त्याच्या वर काही नाही.

कोमल स्वरासाठी अक्षराच्या आधी अंडरस्कोअर, तीव्र मध्यमासाठी ‘एफ’च्या आधी टोपीचे चिन्ह. ही खूण त्या घरापुरती, म्हणजे पुढच्या उभ्या रेघेपर्यंत टिकते. एकाच घरात आधी कोमल ग आणि नंतर शुद्ध ग आला तर शुद्धाच्या आधी बरोबरीचे चिन्ह द्यायलाच हवे. ते विसरले की दुसरा गही कोमल वाजतो आणि चूक कुठे आहे ते तासभर सापडत नाही.

मात्रा अंकाने लिहितात. नुसते अक्षर म्हणजे एक मात्रा, पुढे 2 लिहिला की दोन मात्रा, 1/2 लिहिले की अर्धी. विश्रांतीला लहान ‘झेड’. एकदम वाजणारे सूर चौकोनी कंसात लिहायचे. एका वाद्याच्या एका कंसात 6 पेक्षा जास्त सूर चालत नाहीत आणि त्यांची लांबी सारखी ठेवणे शहाणपणाचे, नाहीतर पुढचा सूर अपेक्षेआधी येतो.

फाइलच्या डोक्यावर सहा ओळी हव्यात. अक्षर, कोलन आणि मग माहिती. ‘एक्स’ला भागाचा क्रमांक, ‘टी’ला शीर्षक (हे रोमन लिपीत लिहा), ‘एम’ला तालाचे घर, जसे 4/4, ‘एल’ला मूळ मात्रा, सोयीची 1/8, ‘क्यू’ला लय, सुरुवातीला 120, आणि ‘के’ला ‘सी’. ‘के’ नेहमी शेवटी. पहिल्यांदा वाजवल्यावर लय दुप्पट किंवा निम्मी वाटली तर सूर बदलू नका, फक्त ‘क्यू’चा आकडा बदला.

सरावासाठी भूपाचा आरोह घ्या: सी, डी, ई, जी, ए ही कॅपिटल अक्षरे आणि मग लहान सी. अवरोह उलट. प्रत्येक सुराला 1 मात्रा आणि शेवटच्या सा ला 4 मात्रा देऊन एक ओळ लिहा, खेळात वाजवून पाहा. एवढे जमले की बाकी सगळे याचाच विस्तार आहे. ध्रुवपद पुन्हा यायचे असेल तर पुनरावृत्तीच्या खुणांवर विसंबू नका, त्या ओळी सरळ पुन्हा चिकटवा.

आपल्या संगीताला इथे काय मिळत नाही तेही सांगायला हवे. मींड नाही, आंदोलन नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत. पेटीसारखे बारा ठरलेले सूर आहेत. दरबारीतला गंधार या वाद्यांवर उभाच राहत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. आरती, ओवी, लावणीची चाल, नाट्यपदाचे मुखडे आणि सरळ चालीची भावगीते मात्र उत्तम वठतात. कण आणि मुरकी छोट्या सुरांनी लिहिता येते, पण तिथे एक भिंत आहे: 0.06 सेकंदाहून छोटा सूर खेळ स्वीकारत नाही, चूक दाखवून फाइलच नाकारतो. एक मात्रा पाव सेकंदाची असेल तर पाव मात्रेचा कण 0.0625 सेकंदाचा होतो, म्हणजे अगदी काठावर बसतो. लय किंचित वाढवली की तीच फाइल वाजेनाशी होते. म्हणून लय आधी पक्की करा आणि मुरक्या नंतर घाला.

सुरपेटीची उणीव बॅगपाइप भरून काढतो. त्याच्या खालच्या सप्तकातले सूर धरून ठेवणारे आहेत. एका बॅगपाइपवाल्याला मंद्र सा आणि मंद्र प एवढेच द्या, आवाज हलका ठेवा, आणि वर क्लॅरिनेटने चाल वाजवा. ऐकणाऱ्या युरोपीय खेळाडूंनाही ही साथ लगेच पकडते.

ढोलाची भाषा

ड्रम या वाद्यावर पट्ट्या 37 असल्या तरी त्या सुरांच्या नाहीत, वेगवेगळ्या आघातांच्या आहेत. म्हणून चालीची ओळ ड्रमला दिली तर नुसता गोंधळ ऐकू येतो. आधी सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवा आणि चार आवाज निवडून कागदावर लिहा: घुमणारा खालचा (गे), दबका बंद (के), कडक टणत्कार (ना) आणि मऊ वरचा (ती). धा म्हणजे गे आणि ना एका कंसात, धी म्हणजे गे आणि ती एका कंसात.

केरव्याचे आठ बोल, धा गे ना ती, ना के धी ना, असे आठ मात्रांत बसवा. मूळ मात्रा 1/8 असेल तर 4/4 चे एक घर म्हणजे केरव्याचे एक आवर्तन. दादऱ्यासाठी 6/8 चे घर. तीनतालाला दोन घरे. समेवरच्या धा ला आवाजाची खूण देऊन थोडा जोर द्या. या खुणा दोन अधिक चिन्हांच्या मध्ये लिहितात: ‘एमएफ’ मध्यम, ‘एफ’ जोरात, ‘पी’ हळू. सगळे ठोके एकाच जोराने वाजले तर ठेका यंत्रासारखा वाटतो.

मिडीवरून फाइल बनवणे

हाताने लिहायला वेळ नसेल तर ‘माएस्ट्रो’ हा मोफत प्रोग्राम मिडी फाइलचे, म्हणजे गाण्याचे सूर संगणकासाठी नोंदलेल्या फाइलचे, एबीसी करून देतो. त्यासोबत येणाऱ्या ‘एबीसी प्लेयर’मध्ये खेळ न उघडता ऐकून पाहता येते. मिडी उघडा, डावीकडे एकेक भाग तयार करा, त्याला वाद्य द्या आणि त्या भागात मिडीचे कोणते ट्रॅक वाजायचे त्यावर खूण करा. ढोलाचा ट्रॅक वेगळा असतो, त्याचा प्रत्येक आघात कोणत्या पट्टीवर जायचा ते वाद्याच्या यादीतून निवडावे लागते.

इथे मोह आवरायचा असतो. मिडीत 14 ट्रॅक आहेत म्हणून 14 भाग करू नका. चाल, खालचा आधार, भरणा आणि ताल, एवढे चार भाग बहुतेक गाण्यांना पुरतात. खूप वाद्ये एकदम भरगच्च वाजली की ऐकणाऱ्याच्या संगणकावर सूर गळायला लागतात, आणि गळतो तो नेमका चालीचा सूर. निर्यात करण्याआधी मूळ मिडी आणि एबीसी आलटून पालटून ऐका. पल्ल्याबाहेर जाणारी ओळ 12 अर्धस्वरांनी, म्हणजे पूर्ण सप्तकाने वर-खाली करा आणि साथीच्या भागांचा आवाज चालीपेक्षा कमी ठेवा.

वृंद एकत्र वाजवणे

फेलोशिपमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, 6 जण मावतात, मोठा वृंद हवा असेल तर ‘रेड’ हा मोठा गट करावा लागतो. प्रत्येकाच्या संगणकावर तीच फाइल असायला हवी, श्रोत्यांना तिची गरज नाही. प्रत्येक वादक ‘/प्ले’, फाइलचे नाव, आपल्या भागाचा क्रमांक आणि ‘सिंक’ असे टाइप करतो. म्हणजे तिसऱ्या भागाच्या वादकाने नावापुढे 3 आणि मग सिंक. सगळे थांबून राहतात. मग म्होरक्या ‘/प्लेस्टार्ट’ देतो आणि सगळे एकदम सुरू होतात.

बिघडते ते बहुधा याच क्षणी. कुणाकडे फाइलची जुनी प्रत असते, मग लय बदललेल्या ठिकाणापासून तो एकटा पुढे धावतो. म्हणून फाइल सुधारली की नावाला 2, 3 असा आकडा जोडा आणि जुनी पुसा. कुणी चुकून दुसऱ्याचा क्रमांक टाकतो, मग चाल दुहेरी वाजते आणि आधार गायब होतो. म्होरक्याने घाई केली तर उशिरा तयार झालेला वादक बाहेरच राहतो. त्यावर साधा नियम: तयार झालेल्याने फेलोशिपच्या गप्पांत आपल्या भागाचा आकडा लिहायचा, आणि सगळे आकडे दिसल्याशिवाय सुरुवात करायची नाही.

‘साँगबुक’ हे प्लगइन टाका. गाण्यांची यादी पडद्यावर येते, भाग आणि सिंक बटणांनी निवडता येतात. त्यासोबतच्या एचटीए फाइलवर दोनदा टिचकी मारून यादी नव्याने बनवावी लागते. नवी गाणी दिसत नाहीत अशी तक्रार असते तेव्हा ही पायरीच राहिलेली असते.

मैफलीच्या मध्ये एखाद्याचे इंटरनेट अडखळले आणि त्याचे सूर मागे पडले तर ते गाणे संपेपर्यंत तसेच राहते, आपोआप जुळत नाही. मागे पडलेल्याने आपले वादन लगेच बंद करावे. तीन वाद्ये जुळून वाजलेली बरी, चार विस्कटून वाजण्यापेक्षा. बंद पडले ते चालीचेच वाद्य असेल तर सगळ्यांनी थांबून गाणे पहिल्यापासून घ्यावे.

कार्यक्रमाची आखणी

तीन मिनिटांचे गाणे आणि अर्ध्या मिनिटाची तयारी धरली तर अर्ध्या तासात 8 गाणी होतात. 7 ठरवा. वाद्य बदलायला लावणारी गाणी शेजारी शेजारी ठेवू नका. निवेदनाची वाक्ये आधीच ‘/एलियास’ कमांडने साठवा: अर्धविराम, छोटे नाव आणि मग वाक्य. कार्यक्रमात अर्धविरामासह ते नाव टाइप केले की पूर्ण वाक्य जाते. वादन करताना पात्राला नाचता येत नाही, म्हणून एक-दोघे फक्त नाचायला आणि निवेदनाला ठेवा. त्यांनी नाचाच्या कमांड ‘/शॉर्टकट’ने बटणांवर बसवाव्यात.

श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा, की आवाजाच्या सेटिंगमध्ये खेळाचे पार्श्वसंगीत बंद करा आणि ‘प्लेयर म्यूझिक’ची पट्टी पूर्ण वर न्या. आणि जवळ उभे राहा, लांबवर ऐकू येत नाही. खेळातल्या ब्री गावच्या प्रान्सिंग पोनी खानावळीत किंवा तिच्या बाहेर आधीच कुणी वाजवत असेल तर त्याचे संपेपर्यंत थांबा.

वेळ ठरवताना हिशेब भारतीय घड्याळाने करून ठेवा. भूमिका निभावून खेळणाऱ्यांसाठीचे जग, म्हणजे सर्व्हर, युरोपात मेरियाडॉक आणि अमेरिकेत पेरेग्रिन आहे. मध्य युरोपातले रात्रीचे 8 म्हणजे आपले उन्हाळी वेळेत 11:30 आणि हिवाळ्यात 12:30. न्यूयॉर्कचे रात्रीचे 8 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 5:30 किंवा 6:30. पुण्यातला वादक, लंडनमधला आणि न्यू जर्सीतला असा वृंद असेल तर शनिवारी भारतीय वेळेने रात्री 8:30 सर्वांना झेपते: तेव्हा लंडनमध्ये दुपारचे 3 किंवा 4 आणि न्यू जर्सीत सकाळचे 10 किंवा 11 वाजलेले असतात. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घड्याळे बदलतात ते आठवडे मात्र वेगळे तपासा, कारण अमेरिका आणि युरोप ती एकाच दिवशी बदलत नाहीत.